तिशीच्या आतल्या पोरांची तोंडतपासणी : मंडळाने नेमकं काय बघायचं?

खानापूरचं_रान
यंदा गणपतीत डीजेचा खर्च आवरून गावातल्या १६ ते ३० वयाच्या पोरांची तोंडतपासणी लावावी असं मंडळात चाललंय. सरकारी तपासणीत आशाताई फॉर्म भरून घेतात, आरोग्य केंद्रात तोंड बघतात, पण ते सगळं वयाच्या तिशीनंतर. सुपारी-तंबाखू-चुन्याचा मावा मळायला पोरं शिकतात दहावीत. म्हणजे मधली चौदा-पंधरा वर्षं कुणीच तोंडात बघत नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बघायचं नेमकं काय आणि कसं? संशय आला तर पाठवायचं कुठं? आणि व्यसन नाही म्हणणाऱ्यांना रांगेतून सोडायचं का?

सडलेल्या गालाचे फोटो लावा असं कृपया सुचवू नका. ते फोटो पुडीवरच छापलेले असतात आणि पोरं ते फाडूनच पुडी उघडतात.

अडाणी_पंत
डीजे कमी? आधी मंडळाच्या अध्यक्षांची तपासणी करून घ्या, काहीतरी गंभीर दिसतंय.

दाताखालचा_खडा
स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पेशाने दंतवैद्य.

तरुण पोरांत कॅन्सरच्या गाठीच्या आधी जे सापडतं त्याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. हा कॅन्सर नव्हे, पण कॅन्सर होऊ शकणारी जमीन आहे. शंभरातल्या साधारण चार ते आठ जणांत पुढे कॅन्सर होतो. आणि ही जमीन विशीतच तयार झालेली असते.

पहिली तक्रार 'तोंड उघडत नाही' अशी नसते. 'जेवण तिखट लागतं' अशी असते. घरात सगळ्यांना बरी लागलेली आमटी याला झोंबते, मग हा दही-भात मागतो, आणि घरचे म्हणतात उष्णता झालीय. फॉर्मवर पहिला प्रश्न हाच ठेवा : पूर्वी चालणारं तिखट आता झोंबतं का? 'गुटखा खातोस का' ला पोरगं खोटं बोलेल, याला बोलणार नाही.

दुसरं, बोटं. स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी ठेवून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर पट्टी लावा. मोजायचं वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत, ओठापासून नव्हे. ३५ मिलिमीटरच्या वर असेल तर बहुतेक ठीक, २५ ते ३५ म्हणजे आजार सुरू, १५ ते २५ म्हणजे बराच पुढे, १५ च्या खाली म्हणजे जेवणाचा घाससुद्धा चपटा करून घालावा लागतो. बोटं जाड-बारीक असतात, म्हणून फॉर्मवर बोटं नको, मिलिमीटरचा आकडा लिहा. सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा घेता येतो.

तिसरं, हात. ग्लोव्ह घालून गालाच्या आत बोट फिरवा. निरोगी गाल मऊ आणि ओला लागतो. आजारात उभे पट्टे लागतात, आत सुतळी शिवल्यासारखे. रंग फिका, डागाळ. जीभ पूर्ण बाहेर येत नाही, शिट्टी मारता येत नाही, गाल फुगवून हवा धरून ठेवता येत नाही. मंडळाच्या पोरांना शिट्टी मारायला सांगा, त्यांना त्यात तपासणी वाटणारच नाही.

निपाणीचा_बाजार
डॉक्टर, लिवलंय बेस. पण आमच्या तंबाखूच्या नावानं बोटं मोडतील म्हणून सांगायलोय. निपाणीचा माल म्हंजे मुख्य बिडीचा. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात शेतकरी रस्त्यावर बसला तो भावासाठी, तोंडात भरायच्या पुडीसाठी न्हवं. मावा मळतात त्याच्यात भरडलेली सुपारी किती आणि तंबाखू किती ते बघा की जरा. प्लास्टिकच्या कागदात चुना घालून मळतात, त्यात निम्म्याच्या वर सुपारीच असते.

सुपारीफुल्ल
मग सुपारीवर पण बंदी घाला! पूजेला काय ठेवायचं, बदाम?

दाताखालचा_खडा
@सुपारीफुल्ल, पूजेला ठेवा, नंतर तोंडात टाकू नका.

@निपाणीचा_बाजार, अर्धं बरोबर. गाल ताठ करणारी मुख्य वस्तू सुपारीच. तिच्यातलं अरेकोलिन पेशींना जादा कोलॅजन, म्हणजे कातडीतले चिवट तंतू, बनवायला लावतं आणि सुपारीतलं तांबं ते कोलॅजन आणखी घट्ट विणायला मदत करतं. शरीर ते सहजी मोडू शकत नाही. म्हणून तंबाखू कधीच न घेतलेल्या, नुसती गोड सुपारी चघळणाऱ्या शाळकरी पोरांतही फायब्रोसिस दिसतो. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला तंबाखूविनाही कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात घातलं. तंबाखू आणि दारूही त्याच गटात आहेत.

पण तंबाखू सुटला असं नाही. त्यातल्या नायट्रोसामाइन या रसायनांमुळे कॅन्सर थेट होतो, गाल ताठ व्हायची वाट बघत नाही. चुन्याने दोन्हींचं शोषण वाढतं, वर तोंडाची त्वचा सोलते ते वेगळंच. आणि वर दारू असेल तर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

अडाणी_पंत
म्हणजे शनिवारी रात्रीचा मेनू जसाच्या तसा.

सीमेवरचा_मी
'पानमसाला, तंबाखूमुक्त' लिहिलेली पुडी आणि शेजारी वेगळी तंबाखूची पुडी. महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून गुटखा बंद आहे, म्हणून टपरीवाला दोन पुड्या देतो आणि गिऱ्हाईक तोंडात गुटखा तयार करतं. पुडीला सीमावाद लागू नाही. पोरांना सांगायचं असेल तर हे सांगा : 'तंबाखूमुक्त' पुडीच गाल बांधते.

चिंचेचं_पान
व्यसन नसलेल्यांना सोडायचं का, या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. माझं मत, सोडावं. २०० पोरांची तोंडं बघायला माणसं कुठून आणणार? जो खातो त्याचंच बघा. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ जी मोठी चाचणी झाली, २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली, तिच्यातही नुसतं डोळ्यांनी तोंड तपासून मृत्यू कमी झाले ते तंबाखू-दारू घेणाऱ्यांतच, सुमारे एक तृतीयांशाने.

ओटी_नंबर_दोन
@चिंचेचं_पान, चाचणी बरोबर सांगितलीत, पण ती ३५ वर्षांच्या पुढच्या लोकांवर होती. तरुणांत एक गट वेगळा आहे : जिभेच्या कडेचा कॅन्सर, आणि त्यातल्या काहींना कसलंच व्यसन नसतं. त्यांना व्यसनाच्या चाळणीने गाळलंत तर नेमके तेच निसटतील. आणि 'खात नाही' म्हणणारे सगळे खरंच खात नाहीत, असं समजायचं काय कारण?

जिभेची तपासणी दोन मिनिटांची. जिभेचं टोक गॉजच्या तुकड्यात धरायचं, नुसत्या बोटांत धरलं तर निसटतं. आधी उजवीकडे ओढून डावी कड शेवटच्या दाढेपर्यंत बघायची, मग उलट. नुसतं 'जीभ बाहेर काढ' म्हटलं तर मागची कड दिसतच नाही, आणि जिभेचा कॅन्सर बहुतेक वेळा तिथेच, कडेच्या मागच्या भागात असतो. मग जीभ टाळूला लावायला सांगून खालचा तळ बघायचा.

टोकदार दाढ घासून जखम झाली असेल तर दाढ गुळगुळीत करून घ्यायची आणि दोन आठवड्यांनी तीच जखम पुन्हा बघायची. भरली तर संपलं. नाही भरली तर दाताला दोष देत बसायचं नाही, तपासणीसाठी जखमेचा तुकडा काढायचा (बायोप्सी).

एचपीव्हीबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो. तो विषाणू घशाच्या, टॉन्सिलच्या बाजूच्या कॅन्सरात महत्त्वाचा आहे. गाल-जिभेच्या कॅन्सरात आपल्याकडे त्याचा वाटा कमी.

चिंचेचं_पान
वयाचा मुद्दा मान्य. पण मग माणूसबळ?

ओटी_नंबर_दोन
बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. दोन्हीकडे पब्लिक हेल्थचा विभाग असतो आणि शिबिरं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. महिनाभर आधी मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या. इंटर्न आले की २०० तोंडं एका सकाळीत होतात.

सिस्टर_अनगोळ
साधं तोंड येणं आणि संशयाची जखम यातला फरक फॉर्मच्या मागे छापा, पोरं वाचतात.

साधं तोंड येतं ते छोटं, गोल, मधे पिवळट, कडेने लाल, भयंकर दुखणारं. सात ते चौदा दिवसांत भरतं, पुढच्या वेळी दुसऱ्याच जागी येतं. संशयाची जखम एकाच जागी राहते, कड उचललेली आणि हाताला कडक, बोट लावलं की रक्त, आणि सुरुवातीला दुखत नाही. लोक फसतात ते इथे. दुखत नाही म्हणून थांबतात.

आणखी काही खुणा : लाल मखमली चट्टा (पांढऱ्यापेक्षा लाल जास्त धोक्याचा), पुसून न जाणारा पांढरा चट्टा, कारण नसताना हलणारा दात, एकाच बाजूचा कान दुखणं पण कानात काहीच नसणं, गळ्यात न दुखणारी कडक गाठ. हलणाऱ्या दाताचं नीट लक्षात घ्या. तो उपटला जातो आणि खड्डा महिनाभर भरत नाही, कारण खाली हिरडीचा कॅन्सर असतो. दात काढल्यावर दोन आठवड्यांत खड्डा भरू लागला नाही, उलट त्यातून मांस वर आलं, तर पुन्हा अँटिबायोटिक नको, थेट तपासणी.

वेळ कुठे जातो ते सांगते. आधी बी-कॉम्प्लेक्स, मग जेल, मग एक कोर्स, मग दुसरा कोर्स, मग कुणीतरी सांगितलेला पाला. यात तीन महिने सहज जातात.

हळदकुंकू_वडगाव
सिस्टर, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. म्हणूनच लोक घाबरतात. हळद-तूप लावून बघायला काय हरकत?

सिस्टर_अनगोळ
ताई, दोन आठवडे लावा, हरकत नाही. पंधराव्या दिवशी जखम तिथेच असेल तर हळद बंद.

तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत. जखमेच्या कडेला बधिर करायचं इंजेक्शन देतात, चांगला आणि वाईट असा दोन्ही भाग येईल असा लहान तुकडा घेतात, लागला तर एक टाका. अर्ध्या तासात माणूस घरी. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये टाकला तर खराब होतो. रिपोर्ट साधारण आठवड्यात. बाटलीवर नाव, वय, बाजू, जागा लिहिलीय का ते नातेवाइकाने स्वतः वाचावं.

सीमेवरचा_मी
आता 'पाठवायचं कुठं'.

बेळगाव जिल्ह्यातल्या बीपीएल कार्डवाल्याला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. एपीएलवाल्याला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाची मर्यादा. पाऊल चुकतं ते एकाच ठिकाणी : तातडीचा प्रसंग सोडला तर सरकारी दवाखान्याच्या रेफरल चिठ्ठीशिवाय खासगी दवाखान्यात योजना लागत नाही. लोक आधी थेट मोठ्या दवाखान्यात जातात, पैसे भरून स्कॅन करतात आणि मग चिठ्ठीसाठी मागे येतात. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून क्रम असा : तालुका दवाखाना, मग बेळगावचं बिम्स (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), तिथे सोय नसेल तर चिठ्ठी घेऊन पुढे. रेशनकार्ड आणि आधारवर नाव सारखं आहे का तपासा. एकात 'पाटील' आणि दुसऱ्यात 'पाटिल' यावरसुद्धा खोळंबा होतो.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं. त्याला कर्नाटक सरकारने विरोध केला. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर निघण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) फोन करून गावाचं नाव यादीत आहे का आणि कोणता दाखला लागतो ते विचारा. यादीत आहोत असं धरून गाडी काढू नका.

बेळगावकरच_मी
बिम्सला कन्नडमध्येच बोला म्हणतात, मराठी माणसाने जायचं कसं? आधी हा प्रश्न सोडवा, मग कॅन्सर!

गोकाकची_करदंट
अहो काका, तिथल्या निम्म्या सिस्टर मराठी बोलतात. आणि ज्या बोलत नाहीत त्यांना 'बायी नोवु' म्हटलं की तोंड दुखतंय ते कळतं. गाठीला भाषा नसते. पुढे.

बेळगावकरच_मी
हा मुद्दा सोडणार नाही, पण वेगळ्या धाग्यावर.

अडाणी_पंत
तो धागा १९५६ पासून सुरू आहे.

ओटी_नंबर_दोन
कॅन्सर निघालाच तर उपचाराचा आराखडा, थोडक्यात. मंडळाला लागणार नाही, पण घरच्यांना लागतो.

गाल-जीभ-हिरडीच्या कॅन्सरात पहिला उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रिया. आकाराबरोबर खोली मोजतात. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ पाच मिलिमीटरपेक्षा खोल नसेल तर पहिला टप्पा. तीच पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेली की वरून लहान दिसली तरी टप्पा पुढचा. म्हणून 'एवढीशी तर आहे' याला अर्थ नाही. गाठीभोवती चांगलं मांस धरून कापतात, रिपोर्टमध्ये कड पाच मिलिमीटर किंवा जास्त मोकळी आली तर चांगलं.

मान. गळ्यात गाठ लागत नसतानाही मानेच्या ग्रंथी काढायच्या का, हा वाद जुना. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या चाचणीने तो बराचसा मिटवला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच मान साफ केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत साडेसदुसष्ट. शस्त्रक्रियेला 'एवढ्यासाठी मान कशाला कापता' असा विरोध होतो त्याला हे उत्तर.

पुढे गरज असेल तर रेडिएशन : साधारण ६० ग्रे (किरणांची मात्रा), ३० बैठका, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, उशीर झाला की फायदा घटतो. गाठीची कड मोकळी नसेल किंवा ग्रंथीचं आवरण फुटलेलं असेल तर सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध.

इथे आपल्या भागाचा व्यवहार येतो. शस्त्रक्रिया मुंबई-बेंगळुरूला करा हवं तर, पण रेडिएशन घराजवळ घ्या : बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, जे जवळ असेल ते. सहा आठवडे रोज जाऊन यायचं आहे. अथणीच्या माणसाला मिरज सोपं, खानापूरच्या माणसाला बेळगाव किंवा हुबळी. मधे चार दिवस बैठका चुकल्या तर उपचार कमजोर होतो. मुंबईत खोली परवडली नाही म्हणून पंधरा बैठकांवर सोडून येणं हे सगळ्यात वाईट.

तरुणांसाठी दोन गोष्टी ज्या कुणी आपणहून सांगत नाही. सिस्प्लॅटिनआधी कानाची तपासणी करून घ्या. आणि लग्न व्हायचं असेल तर शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल केमोच्या आधी विचारा, नंतर उपयोग नाही.

दाताखालचा_खडा
+१. भर : रेडिएशनआधी सगळे दात दाखवा. जे वाचणार नाहीत ते रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढून घ्यायचे. नंतर त्या जबड्यातला दात काढला तर हाड भरत नाही, उघडं पडून सडू शकतं. आयुष्यभर दंतवैद्याला 'इथे रेडिएशन झालंय' हे आधी सांगायचं.

फिजिओ_शहापूर
फायब्रोसिसच्या व्यायामावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी. आईस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या घ्या. आरामात बसतात तेवढ्या एकावर एक रचून वरच्या-खालच्या दाढांमध्ये ठेवायच्या, पुढच्या दातांत नको, ते हलतात. ताण जाणवेल पण कळ येणार नाही एवढं. पाच-दहा मिनिटं धरायचं, दिवसातून चार-पाच वेळा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. आधी गरम पाण्याच्या फडक्याने गाल शेकला तर बरं. सवय झाली की एक काडी वाढवायची. आठवड्यातून एकदा पट्टीने मोजून कॅलेंडरवर लिहायचं.

इंजेक्शनही देतात, डेक्सामेथासोन आणि हायल्युरॉनिडेज १५०० युनिट, आठवड्याला एक-दोनदा, काही आठवडे. काही मिलिमीटर वाढ मिळते. पण इंजेक्शन घेऊन सुपारी आणि व्यायाम दोन्ही होतं तसंच ठेवलं तर काही महिन्यांत परत तिथेच, आणि सुईने पुन्हा पुन्हा टोचून नवे वण पडतात ते वेगळे. फार बंद झालेलं तोंड शस्त्रक्रियेने मोकळं करतात, पट्टे कापून तिथे गालातली चरबी किंवा नाकाशेजारची कातडी वळवून बसवतात. त्यानंतरही सहा महिने व्यायाम केला नाही तर पुन्हा बंद.

सुपारीफुल्ल
सोडली की पूर्ण उघडतं का?

फिजिओ_शहापूर
पूर्ण नाही. बसलेलं कोलॅजन जात नाही. जळजळ कमी होते, पुढचं आवळणं थांबतं. तुमच्या नावाकडे बघून सांगतेय, आजच थांबवा.

सुपारीफुल्ल
ओके.

गोळी_औषध
सोडायचं कसं, हे मेडिकलच्या काउंटरवरून. निकोटिन गम २ मिलिग्रॅमची चिठ्ठीविना मिळते. पण ती नुसती चघळत बसायची नसते. झिणझिणी येईपर्यंत हळू चघळायची, मग गाल आणि हिरडीमध्ये ठेवून द्यायची, झिणझिणी गेली की पुन्हा. अर्धा तास. चहा-कॉफीनंतर लगेच नको, पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर औषध शोषलं जात नाही. लोक ती च्युइंगमसारखी खातात, गिळतात, उचकी लागते, आणि म्हणतात उपयोग नाही.

पण ज्याचं तोंड दोन बोटं उघडतंय त्याला गम चघळता येत नाही. त्याला डॉक्टरांना विचारून पॅच. आणि लक्षात ठेवा, गम तंबाखूची ओढ मारते, सुपारीची नाही. सुपारीचीही वेगळी ओढ असते. तिथे बडीशेप, लवंग, काहीतरी तोंडात लागतं. 'सुगंधी' नावाची कोणतीही पुडी नको.

राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन फुकट.

हळदकुंकू_वडगाव
नुसत्या पोरांचंच चाललंय. मशेरीचं काय? तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजून, कुटून, दिवसातून तीन-चार वेळा दाताला लावणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि सासूकडून सुनेकडे येते. त्या स्वतःला तंबाखू खाणाऱ्या समजतच नाहीत.

दाताखालचा_खडा
ताई, अगदी बरोबर. फॉर्मवर 'तंबाखू' असा एकच चौकोन ठेवू नका. गुटखा, मावा, तंबाखू-चुना, सुपारी, पान, मशेरी, बिडी-सिगरेट, दारू असे वेगळे. मशेरीत बघायचं हिरडी आणि खालच्या ओठाच्या आतली बाजू.

खानापूरचं_रान
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. आता असं ठरवतोय :

एका टेबलावर नाव, वय, एका घरच्या माणसाचा नंबर. दुसऱ्यावर तिखटाचा प्रश्न, शिट्टी आणि पट्टी. पडद्यामागे डेंटल कॉलेजचे इंटर्न, गाल-जीभ-तळ-मान. बायका-मुलींना दुपारी वेगळी वेळ. व्यसन असो-नसो सगळे आत. संशय आला तर गुलाबी चिठ्ठी, तालुका दवाखान्याच्या नावाने. चुकत असेल तर सांगा.

सिस्टर_अनगोळ
गुलाबी चिठ्ठी नको. रांगेतल्या सगळ्यांना कळतं कुणाला मिळाली, आणि खेड्यात पोराचं लग्न त्यावर अडतं. सगळ्यांना एकाच रंगाचं बंद पाकीट द्या.

दाताखालचा_खडा
टॉर्च पांढऱ्या उजेडाचा, मोबाइलचा चालेल. पिवळ्या बल्बखाली पांढरा चट्टा दिसत नाही. माणसामागे एक लाकडी चपटी काडी आणि नवे ग्लोव्ह, त्यात काटकसर नको. आत येण्याआधी चूळ भरायला लावा, पानाचा लाल रंग असेल तर लाल चट्टा कळणारच नाही. दातांचा कवळी-सेट असेल तर काढून बघा. निळा रंग लावून तपासायचं कुणी सुचवलं तर मंडळाच्या शिबिरात नको, साध्या जखमाही निळ्या होतात आणि नाहक घाबरगुंडी उडते.

चिंचेचं_पान
फोटो काढलात तर लेखी परवानगी घेऊन, आणि मंडळाच्या ग्रुपवर अजिबात नाही. अठराच्या आतल्यांना पालकांची सही.

ओटी_नंबर_दोन
चिठ्ठीवर 'कॅन्सरचा संशय' लिहू नका. जागा, आकार मिलिमीटरमध्ये, किती दिवसांपासून, तोंड किती उघडतं, एवढंच. निदान तुकड्याच्या रिपोर्टनंतर. आणि ज्यांना दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं त्यांची तारीख पाकिटावर आताच टाका, 'नंतर या' म्हटलं तर कुणी येत नाही.

निपाणीचा_बाजार
हे बेस हाय. आमच्या वखारीतल्या हमालांचं पण असं करायला पायजे. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच.

खानापूरचं_रान
@निपाणीचा_बाजार, फॉर्म पाठवतो. कन्नड प्रत कोण करून देईल का? तालुका दवाखान्यात मराठी चिठ्ठी बघून परत पाठवायला नको.

गोकाकची_करदंट
मी देते. चिठ्ठीचा नमुना इथे टाका. आणि तालुक्याला दंतवैद्य कोणत्या वारी बसतात ते आधी फोन करून त्या वाराची तारीख छापा.

खानापूरचं_रान
उद्या विचारून इथेच लिहितो. @बेळगावकरच_मी, मराठी प्रत तुम्ही तपासाल का?

बेळगावकरच_मी
तपासतो. 'फायब्रोसिस' काढून 'तोंड कमी उघडणे' लिहा.